डेव्हलपर मंडळींना पडणारे एसईओचे प्रश्न: सांगलीहून, व्हॉट्सॲपवरून गोळा केलेले

मी सांगलीत विश्रामबागेत बसून वेबसाईटी बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे हळदवाले, बेदाणावाले, क्लासवाले, दवाखाने, मिरजेतले एकदोन सतारवाले. त्यांचे एसईओचे, म्हणजे साईट गुगलवर सापडावी आणि वर यावी यासाठीच्या कामाचे, प्रश्न येतात, नव्याने धंद्यात आलेल्या पोरांचे येतात, आणि तेच तेच उत्तर टाईप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाचं इथं लिहून ठेवलंय. सुरुवातीला सोपे प्रश्न, पुढं पुढं किचकट. जिथं उत्तर आधी येऊन गेलंय तिथं नंबर दिलाय, तो बघा. आपल्याकडचं गिऱ्हाईक फक्त गुगलच बघतं, म्हणून सगळं गुगलच्या हिशोबाने लिहिलंय.

१. दादा, एसईओ हे डेव्हलपरचं काम आहे का मार्केटिंगवाल्याचं?

अर्धं तुमचं. पान गुगलला सापडावं, उघडावं, त्यातला मजकूर वाचता यावा, आणि एका गोष्टीचा एकच पत्ता असावा, एवढं डेव्हलपरने केलं की त्याची बाजू बऱ्यापैकी झाली. दुसरी बाजू मजकुराची: राजापुरी आणि सेलम हळदीत फरक काय हे शेठना माहितीय, तुम्हाला नाही, त्यामुळे ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचं. ते लिहीत नसतील तर दुकानात जाऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि घरी येऊन टाईप करा, मी तेच करतो. पण पहिली बाजू कच्ची असेल तर दुसरी कितीही भारी असून फायदा नाही, आणि ही पहिली बाजू मार्केटिंगवाल्याला दिसतच नाही, म्हणून ती आपल्यावर येते.

२. गुगल नक्की करतं काय? क्रॉल, इंडेक्स, रँक, सगळं एकच का?

एकच नाही. मार्केट यार्डात बघा, आधी गाडी येते, मग माल उतरतो आणि प्रतवारी होते, मग सौदा. गुगलबॉट लिंक धरून तुमच्या पानावर येतो, ते झालं क्रॉल. मग जावास्क्रिप्ट चालवून पान कसं दिसतं ते बघतो, म्हणजे रेंडर. मग मजकूर समजून घेऊन साठवतो किंवा साठवत नाही, ते इंडेक्स. आणि कुणी काही शोधलं की साठवलेल्यातून निवडून दाखवतो, ते रँकिंग. गिऱ्हाईक नेहमी म्हणतं "रँक येत नाय", आणि दहातल्या निम्म्या वेळा माल यार्डात पोचलेलाच नसतो. त्यामुळे कुठल्या पायरीवर अडलंय ते आधी शोधा, उपाय नंतर.

३. साईट लाईव्ह करून दोन आठवडे झाले, गुगलवर नावानिशी पण दिसत नाही. काय बघू?

गुगलच्या सर्च कन्सोल या टूलमध्ये साईट जोडा (फुकट आहे), यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पत्ता टाका. क्रॉल झालंय का, इंडेक्स झालंय का, नसेल तर का नाही, हे तिथं सरळ लिहिलेलं असतं. नवीन साईटला काही दिवस ते काही आठवडे लागणं नॉर्मल आहे, पण थांबण्याआधी नोइंडेक्स (गुगलला हे पान साठवू नको सांगणारी सूचना) तपासा. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, रीडिंगमध्ये एक चौकट असते, सर्च इंजिनांना दूर ठेवा म्हणणारी, साईट बनवताना लोक टिक करतात आणि विसरतात.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. तासगावकडच्या एका बेदाणावाल्यांची साईट मी दिवाळीनंतर लाईव्ह केली. फेब्रुवारीत नवा बेदाणा यायला लागला, त्यांचा फोन, "अहो, आमचं नाव टाकलं तरी दुसऱ्याचंच दुकान येतंय." मी पानाचा सोर्स उघडला, मेटा टॅग बघितला, सगळं स्वच्छ. रोबॉट्स फाईल (बॉटने कुठं जायचं, कुठं नाही ते सांगणारी) स्वच्छ. वर्डप्रेस नव्हतंच. तासभर डोकं खाजवून शेवटी कर्लने (कमांड लाईनवरून पान मागवायचं टूल) नुसते हेडर, म्हणजे सर्व्हर पानाआधी पाठवतो त्या ओळी, मागवले, तर तिथं एक्स-रोबॉट्स-टॅग, नोइंडेक्स. टेस्टिंगच्या सर्व्हरला मीच एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ घातली होती आणि तीच फाईल जशीच्या तशी लाईव्हला कॉपी केली होती. हेडर पानाच्या सोर्समध्ये दिसत नाही हो, म्हणून तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या वर्षीचं मेंटेनन्सचं बिल मी लावलं नाही. तेव्हापासून लाईव्ह केल्या केल्या पहिली गोष्ट कर्ल.

४. रोबॉट्स डॉट टीएक्सटीमध्ये डिसअलाऊ केलंय तरी पान गुगलवर येतंय, असं कसं?

कारण डिसअलाऊ म्हणजे "आत येऊ नको", "नाव घेऊ नको" असं नाही. दुसऱ्या कुणी त्या पानाला लिंक दिली असेल तर गुगल आत न जाता नुसता पत्ता दाखवू शकतं, खाली लिहितं की माहिती उपलब्ध नाही. पान काढायचं असेल तर नोइंडेक्स लागतं. आणि इथंच सगळे फसतात: नोइंडेक्स पण लावतात आणि वर डिसअलाऊ पण करतात. आता बॉटला आत यायचीच बंदी आहे तर आत लावलेली पाटी तो वाचणार कधी? त्यामुळे पान काढायचं असेल तर दार उघडं ठेवा, नोइंडेक्स वाचू द्या, पान गेलं की मग काय करायचं ते करा.

अजून एक, रोबॉट्स फाईलमध्येच नोइंडेक्स लिहायची जुनी युक्ती गुगलने १ सप्टेंबर २०१९ पासून बंद केली. आणि ही फाईल कुणीही उघडून बघू शकतो, त्यामुळे "ॲडमिन-गुप्त" असले फोल्डर तिथं लिहून ठेवणं म्हणजे किल्ली कुठं ठेवलीय त्याचा बोर्ड लावण्यासारखं आहे. टेस्टिंगच्या साईटला सरळ पासवर्ड घाला, माझी क्रमांक ३ मधली भानगडच होणार नाही.

५. साईटमॅप दिला म्हणजे सगळी पानं इंडेक्स होणार ना?

नाही. साईटमॅप म्हणजे गुगलसाठी साईटवरच्या पत्त्यांची फक्त यादी. एका फाईलमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी एवढी मर्यादा आहे, आपल्याकडं त्याच्या आसपास कुणी जात नाही. त्यातलं प्रायॉरिटी आणि चेंजफ्रीक (पान किती महत्त्वाचं, किती वेळा बदलतं) गुगल बघतच नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका. लास्टमॉड (पान शेवटचं कधी बदललं) बघतं, पण तारीख खरी असली तरच. काही प्लगइनं रोज रात्री सगळ्या पानांची तारीख बदलतात, मग गुगल त्या तारखेवर विश्वास ठेवणं सोडतं. साईटमॅपमध्ये फक्त तेच पत्ते घाला जे २०० (पान ठीक आहे असा सर्व्हरचा कोड) देतात आणि जे कॅनॉनिकल, म्हणजे एकाच गोष्टीच्या अनेक पत्त्यांतले मुख्य, आहेत (क्रमांक १५).

६. मेटा कीवर्डमध्ये किती शब्द घालायचे?

शून्य. आपण तो टॅग वापरत नाही हे गुगलने २००९ मध्येच सांगितलंय. अजून कुणी त्याचे पैसे घेत असेल तर चहा पाजून घरी पाठवा.

७. मग टायटल आणि डिस्क्रिप्शन?

टायटलला अर्थ आहे. प्रत्येक पानाचं वेगळं, आणि पानावर काय आहे ते सांगणारं. "होम", "होम", "अबाऊट" असलं नको. डिस्क्रिप्शनने रँक वाढत नाही, पण शोधल्यावर खाली दोन ओळी येतात त्यात ते वापरलं जाऊ शकतं, आणि माणूस ते वाचून क्लिक करतो. दोन्ही गोष्टी गुगल स्वतःच्या मनाने बदलूही शकतं. "आम्ही लिहिलं एक आणि दिसतंय दुसरंच" अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा टायटलमध्ये शब्द कोंबलेले असतात किंवा पंचवीस पानांना एकच टायटल असतं.

८. रिॲक्टमध्ये (जावास्क्रिप्टने पान उभं करणारी लायब्ररी) साईट केलीय. गुगल जावास्क्रिप्ट वाचतं म्हणे, मग सर्व्हर साईड रेंडरिंग (पान सर्व्हरवरच तयार करून पाठवणं) कशाला?

वाचतं, खोटं नाही. मे २०१९ पासून गुगलबॉट नव्या क्रोमिअमवरच (क्रोम ब्राउझरचा गाभा) चालतो. पण तो माणसासारखा वागत नाही. क्लिक करत नाही, स्क्रोल करत नाही. त्यामुळे "अजून दाखवा" बटण दाबल्यावर येणारा माल त्याच्यासाठी नाहीच. डिव्हला ऑनक्लिक लावून पान बदलत असाल तर ती त्याच्या दृष्टीने लिंक नाही, लिंक म्हणजे ए टॅग आणि त्यात खरा एचरेफ. पत्त्यात हॅश वापरून पानं वेगळी केली असतील तर त्याला ती सगळी एकच पान दिसतात, हिस्टरी एपीआय वापरा.

अजून एक रिॲक्टवाल्यांची हमखास चूक: चुकीचा पत्ता टाकला तरी सर्व्हर २०० देतो आणि स्क्रीनवर मात्र "पान सापडलं नाही" येतं. गुगल याला सॉफ्ट ४०४ (४०४ म्हणजे पान नाही असा सर्व्हरचा कोड) म्हणतं आणि असली पानं बाजूला टाकतं. सर्व्हरकडूनच खरा ४०४ द्या. आणि सर्व्हर साईड रेंडरिंग कशाला, तर गुगल सोडून बाकीचे बरेच बॉट जावास्क्रिप्ट चालवत नाहीत, त्यातला रोजच्या वापरातला एक पुढच्याच प्रश्नात आहे.

९. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की फोटो येत नाही, नुसता पत्ता येतो. हे एसईओमध्ये येतं का?

शास्त्रात येत नसेल, सांगलीत येतं. इथला निम्मा धंदा व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून होतो. व्हॉट्सॲप पानाचा कच्चा एचटीएमएल वाचतं, जावास्क्रिप्ट चालवत नाही. त्यामुळे ओपन ग्राफचे टॅग (टायटल, डिस्क्रिप्शन, इमेज) सर्व्हरकडून आलेल्या एचटीएमएलमध्येच पाहिजेत. फोटोचा पूर्ण पत्ता द्या, एचटीटीपीएससकट. आणि फोटो हलका ठेवा, चार एमबीचा कॅमेऱ्यातला फोटो सरळ चढवला की प्रीव्ह्यू येतच नाही.

१०. पत्ता मराठीत ठेवू का इंग्रजी अक्षरांत? मराठीत ठेवला तर तुटका-फुटका येतोय.

दोन्ही चालतं, गुगलला देवनागरी पत्ता नीट कळतो. अडचण आपल्या टूलांची आहे.

एक उदाहरण जवळून बघा. "राजापुरी हळद" या नावाचं पान. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये स्लगिफाय (नावावरून स्लग, म्हणजे पत्त्यातला पानाच्या नावाचा भाग, बनवणारं फंक्शन) आहे, त्यात युनिकोड चालू केलं तरी पत्ता बनतो "रजपर-हळद". मात्रा गायब! कारण आतला रेजेक्स (मजकुरातलं काय ठेवायचं, काय गाळायचं तो नियम) अक्षरं ठेवतो, पण मात्रा, अनुस्वार, हलंत यांना युनिकोडमध्ये अक्षर म्हणत नाहीत, चिन्ह म्हणतात, आणि ती गाळली जातात. "सांगली"चं होतं "सगल". जावास्क्रिप्टमध्ये साधा रेजेक्स वापरला तर सगळंच उडतं, हातात नुसता डॅश राहतो.

दुसरी गंमत लांबीची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाईट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाईटचे टक्क्याच्या चिन्हासकट ३ कॅरेक्टर होतात. "सांगली"मध्ये स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी अशी ६ चिन्हं, म्हणजे ५४ कॅरेक्टर. वर्डप्रेस स्लगला २०० कॅरेक्टर देतं, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं, पुढचं कापलं जातं. मोठ्या मथळ्याची पानं म्हणून अर्ध्यात तुटतात.

माझं मत विचाराल तर पत्ता इंग्रजी अक्षरांत, छोटा, मराठी शब्द जसा उच्चारतो तसा. मजकूर मात्र मराठीतच. पण आधीच मराठी पत्ते असतील आणि ते गुगलवर बसले असतील तर नुसत्या हौसेने बदलू नका (क्रमांक १६).

११. डीटीपीवाल्याने मजकूर दिला, साईटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फॉन्ट टाकला की नीट दिसतो. चालेल ना?

अजिबात नाही. तो मजकूर श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला आहे, युनिकोडमध्ये नाही. त्यात आतली अक्षरं खरंच इंग्रजी असतात, फॉन्ट फक्त त्यावर मराठी चित्र चढवतो. माणसाला मराठी दिसतं, गुगलला कचराच दिसतो, आणि कुणी "बेदाणा" शोधलं तर ते पान येणार कसं? कन्व्हर्टर मिळतात, त्यातून युनिकोड करून घ्या आणि नंतर एकदा डोळ्याने वाचा, जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात.

याचाच भाऊ म्हणजे पूर्ण जाहिरात जेपीजी करून पानावर चिकटवणं. क्लासवाल्यांची निम्मी माहिती, फी, बॅचच्या वेळा, सगळं फोटोत असतं. फोटो ठेवा हवा तर, पण तोच मजकूर खाली टाईप करा, आणि ऑल्टमध्ये फोटोत काय आहे ते एका ओळीत लिहा.

१२. साईटच्या स्वतःच्या सर्चमध्ये "ॲसिडिटी" शोधलं तर लेख सापडत नाही, डोळ्यासमोर आहे तरी! का?

हा प्रश्न एका दवाखान्याच्या साईटवर मला अख्खा शनिवार खाऊन गेला. "ॲ" दोन प्रकारे टाईप होतो. एक सलग अक्षर आहे, दुसरा "अ" आणि त्यावर चंद्र असा जोडून. स्क्रीनवर दोन्ही सारखे, पण कॉम्प्युटरला वेगळे शब्द. "ऱ्या"चं पण तेच, "दुसऱ्या" लिहिताना काही कीबोर्ड वेगळा ऱ वापरतात, काही साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक. आणि एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडची एकसारखी रूपं एका रूपात आणायची ठरलेली पद्धत) लावलं की सुटेल असं वाटतं, पण सुटत नाही, कारण युनिकोडच्या नियमात ही जोडपी एकसारखी मानलेलीच नाहीत. स्वतः एक छोटं फंक्शन लिहा जे सेव्ह करताना आणि शोधताना दोन्ही वेळा एकाच रूपात आणेल. गुगल असले फरक बरेचसे स्वतः सांभाळून घेतं, पण तुमचा डेटाबेस घेत नाही, आणि त्यातून एकाच नावाची दोन पानं तयार होतात, ती मग क्रमांक १५ ची डोकेदुखी.

१३. साईट मराठी आणि इंग्रजी दोन्हीत पाहिजे. एकाच पत्त्यावर बटणाने भाषा बदलली तर?

गुगलला एकच भाषा दिसेल, जी आधी येते ती. बॉट कुकी धरून ठेवत नाही आणि बटण दाबत नाही (क्रमांक ८). दोन भाषांना दोन पत्ते द्या. मग प्रत्येक पानावर एचरेफलँग (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठं आहे ते सांगणारा टॅग), मराठी पानाने इंग्रजीकडे बोट दाखवायचं आणि इंग्रजीने मराठीकडे, शिवाय प्रत्येकाने स्वतःकडेही. एकतर्फी असेल तर गुगल ते मानत नाही. मराठीचा कोड एमआर. खूप जण एमएच लिहितात, महाराष्ट्राच्या गाडीची नंबरप्लेट आहे ती.

आणि आयपी बघून भाषा बदलू नका. गुगलबॉट मुख्यतः अमेरिकेतून येतो, त्याला तुम्ही कायम इंग्रजीकडे ढकललंत तर मराठी पान त्याने बघितलेलंच नसणार.

इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करून शोधणारे पण खूप आहेत. त्यांच्यासाठी वेगळं पान नको, मराठी पानात नाव एकदा इंग्रजी अक्षरांत आलं तरी पुरतं.

१४. पेजस्पीडमध्ये (गुगलची वेग तपासायची चाचणी) ४२ मार्क पडलेत, शेठ ओरडतायत. १०० केले तर पहिला नंबर येईल?

नाही येणार. ते मार्क म्हणजे लॅबमधली चाचणी. गुगल जे विचारात घेतं ते खऱ्या लोकांच्या फोनवरचे आकडे, कोअर वेब व्हायटल्स: मुख्य मजकूर किंवा फोटो २.५ सेकंदात दिसावा, दाबल्यावर २०० मिलिसेकंदात प्रतिसाद यावा, आणि पान उड्या मारण्याचा आकडा ०.१ च्या आत. चारातल्या तीन भेटींमध्ये हे जमलं की पास. दाबल्यावरच्या प्रतिसादाचं माप मार्च २०२४ मध्ये बदललं, आता आयएनपी आहे, जुनं एफआयडी विसरा. छोट्या साईटला एवढी वर्दळच नसते, मग खरे आकडे रिकामे दिसतात, घाबरू नका. संथ साईटने गिऱ्हाईक पळतं, म्हणून वेग वाढवा.

मराठी साईटवर जड असतो तो फॉन्ट. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे आकार खूप, त्यात चार जाडीच्या फाईली लावल्या की झालं. दोन जाडी पुरतात, वॉफ-टू वापरा, युनिकोड-रेंज लावा, फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप. वरच्या मुख्य फोटोला लेझी लोडिंग (फोटो गरज पडेल तेव्हाच आणणं) लावू नका, लोक सरसकट सगळ्यांना लावतात आणि मुख्य फोटोच उशिरा येतो. आणि एसईओशी संबंध नाही पण सांगतोच, इंग्रजी थीममधलं लेटर-स्पेसिंग मराठीला लागलं की शिरोरेषा तुटते, मिरजेच्या स्टेशनवर डबे सुटल्यासारखी अक्षरं दिसतात.

मोबाईलचं वेगळं विचारतात म्हणून इथंच: गुगल तुमचं मोबाईलचं रूपच वाचतं. डेस्कटॉपवर असलेला मजकूर मोबाईलवर काढून टाकला असेल तर तो नाहीच असं धरा. टॅबमध्ये किंवा घडीत झाकलेला चालतो, फक्त एचटीएमएलमध्ये पाहिजे.

१५. एकच माल पाच पत्त्यांवर दिसतो. डुप्लिकेटची पेनल्टी बसेल का?

पेनल्टी नाही बसत. गुगल पाचातला एक निवडतं आणि बाकीचे बाजूला ठेवतं. प्रश्न एवढाच की तो निवडलेला तुम्हाला हवा तोच असेल असं नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि शिवाय, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, शेवटी स्लॅश असलेला आणि नसलेला, ही सगळी एकाच रूपाकडे ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याचा कोड) वळवा. वजन, भाव, पॅकिंगच्या फिल्टरमुळे पत्ते वाढत असतील तर कॅनॉनिकल टॅग द्या. पण तो टॅग सूचना आहे, हुकूम नाही. आत लिंका एकीकडे, साईटमॅपमध्ये दुसरं आणि कॅनॉनिकल तिसरीकडे असं असेल तर गुगल स्वतःचं डोकं लावतं.

हमखास चूक: पानांच्या यादीत दुसऱ्या-तिसऱ्या पानाचं कॅनॉनिकल पहिल्याकडे देणं. मग मागच्या पानांवरचा माल हरवतो. प्रत्येक पानाचं कॅनॉनिकल स्वतःकडेच.

क्रॉल बजेट, क्रॉल बजेट (गुगल एका साईटची किती पानं वाचेल त्याची मर्यादा) म्हणून कुणी घाबरवत असेल तर, ती काळजी लाखो पानांच्या साईटींनी करायची. चाळीस पानांवाल्याने झोपावं.

१६. नवीन डिझाईन केलं, पत्ते बदलले, ट्रॅफिक पडलं. आता?

जुन्या प्रत्येक पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पत्त्यावर ३०१. सगळे जुने पत्ते होमपेजवर वळवणं हा आळशीपणा आहे, गुगल त्याला सॉफ्ट ४०४ धरू शकतं. साखळी करू नका, जुन्यावरून मधल्यावर, तिथून नव्यावर असं. हे रिडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गुगल सांगतं, मी म्हणतो काढूच नका, फाईलीत चार ओळी जास्त राहिल्या तर कुणाचं काय जातं. जुनी यादी हरवली असेल तर सर्च कन्सोलमध्ये मागच्या १६ महिन्यांचा डेटा असतो, त्यातून पत्ते काढा. जे पान खरंच संपलंय त्याला ४०४ किंवा ४१० (पान कायमचं गेलं) द्या, ४०४ असणं हा गुन्हा नाही, कन्सोलमध्ये दिसले म्हणून घाम फोडून घेऊ नका.

१७. सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर, आष्टा, प्रत्येक गावाचं वेगळं पान केलं तर सगळीकडे येईन ना?

पानावर फक्त गावाचं नाव बदललेलं असेल तर ही डोअरवे पानं झाली, गुगलच्या स्पॅमच्या नियमात हे स्पष्ट लिहिलंय. मिरजेत खरंच शाखा असेल, तिथला पत्ता, तिथला माणूस, तिथल्या कामाचे फोटो असतील तर बिनधास्त वेगळं पान करा. नसेल तर एकाच पानावर कुठं कुठं सेवा देता ते लिहा.

१८. मॅपवर शेजारचं दुकान येतं, आमचं नाही. वेबसाईटमध्ये काय बदलू?

मॅपचा खेळ वेगळा. तिथं गुगल तीन गोष्टी बघतं असं स्वतःच सांगतं: शोधाशी जुळतं का, अंतर किती, आणि नाव किती आहे. बिझनेस प्रोफाईल शेठकडून व्हेरिफाय करून घ्या, धंद्याचा प्रकार बरोबर निवडा, वेळा, फोन, पत्ता साईटवर आणि प्रोफाईलवर एकसारखे ठेवा. दुकानाच्या नावात "बेस्ट हळद होलसेल सांगली" असं कोंबू नका, नियमाबाहेर आहे, प्रोफाईल बंद पडू शकतं. गणपती पेठेत बसलेल्या दुकानाला विश्रामबागेतल्या माणसाच्या फोनवर पहिलं यायचं असेल तर अंतर आडवं येणारच, त्याला कोड नाही.

१९. एकाने पंधरा हजारात पहिला नंबर आणि पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साईटींवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका) सांगितल्यात. घेऊ का?

पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलच्याच मार्गदर्शनात लिहिलंय. विकत घेतलेल्या लिंका स्पॅममध्ये मोडतात. पैसे देऊन जाहिरात म्हणून लिंक घेतली तर त्यावर रेल स्पॉन्सर्ड (पैसे दिलेली लिंक असं सांगणारी खूण) लावायचं असतं, मग ती रँकिंगसाठी उपयोगाची नाही, गिऱ्हाईक येण्यासाठी आहे. त्या पंधरा हजारात हळद शिजवण्यापासून पॉलिशपर्यंत चांगले फोटो काढून घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, त्यावर स्वतःच्या मालाचं एक प्रामाणिक पान लिहिलं तर लोक आपणहून लिंक देतात.

२०. स्कीमा (पानावर काय आहे ते गुगलला कोडमध्ये सांगणारी माहिती) लावला की स्टार आणि प्रश्न-उत्तरं दिसतात ना?

दिसू शकतात, दिसतीलच असं नाही. दुकानाला लोकल बिझनेस, मालाला प्रॉडक्ट, आणि ब्रेडक्रम्ब (पान साईटमध्ये कुठं आहे ती वाट), एवढं बस. जे पानावर दिसत नाही ते स्कीमात लिहायचं नाही. स्वतःच्या दुकानाला स्वतःच्याच साईटवर स्टार देऊन उपयोग नाही, गुगल ते दाखवत नाही. प्रश्नोत्तरांचा स्कीमा ऑगस्ट २०२३ पासून नामांकित सरकारी आणि आरोग्याच्या साईटींपुरताच ठेवला, त्यामुळे हे पान जे तुम्ही वाचताय त्याला मी तो लावलेलाच नाही.

२१. आता एआयच उत्तर देतंय, मग एसईओ संपलं का? आणि एआयला मजकूर द्यायचा नसेल तर?

गुगलच्या एआय उत्तरांसाठी वेगळा काही टॅग लागत नाही, पान इंडेक्समध्ये आणि वाचता येण्यासारखं असावं लागतं, म्हणजे पुन्हा वरचंच सगळं. क्लिक कमी होतायत ही तक्रार मात्र खरी आहे, माझ्याकडच्या दोन माहितीच्या साईटींवर मला दिसतंय, हळद विकणाऱ्यांच्या साईटींवर तेवढं नाही, कारण हळद एआयकडून येत नाही.

इथं एक गोंधळ होतो. रोबॉट्समध्ये गुगल-एक्सटेंडेड बंद केलं तर जेमिनायच्या ट्रेनिंगला मजकूर जात नाही, पण सर्चवर परिणाम होत नाही, आणि सर्चमधल्या एआय उत्तरातूनही तुम्ही बाहेर पडत नाही. त्यातून बाहेर यायचं तर नोस्निपेट (पानातला मजकूर दाखवू नको सांगणारा टॅग), मग साध्या रिझल्टमधल्या दोन ओळी पण जातात. ठरवून करा. गडबडीत गुगलबॉटच बंद केलेला एक पोरगा मला माहितीय.

एआयने लिहिलेला मजकूर चालतो का, तर कुणी लिहिला यावर गुगलचं अडत नाही, रँकसाठी ढिगाने पाडलेली पोकळ पानं असतील तर अडतं, मग ती माणसाने लिहिलेली का असेनात.

२२. पुराचं पाणी शिरलं, दुकान महिनाभर बंद. साईट पण बंद ठेवू का?

२०१९ ला आणि परत २०२१ ला हा प्रश्न आला म्हणून शेवटी ठेवलाय. बंद करू नका. महिनाभर साईट बंद राहिली तर पानं इंडेक्समधून जायला लागतात आणि परत बसायला वेळ लागतो. साईट चालू ठेवा, वर एक पट्टी लावा, "पुरामुळे पाठवणी बंद, अमुक तारखेनंतर", ऑर्डरचं बटण बंद करा, मालाच्या स्कीमात आऊट ऑफ स्टॉक करा, बिझनेस प्रोफाईलवर तात्पुरतं बंद असं टाका, "कायमचं बंद" वर बोट पडणार नाही एवढं बघा.

एखाद-दोन दिवस सर्व्हरच बंद ठेवावा लागणार असेल तर ५०३ द्या, म्हणजे गुगलला कळतं की तात्पुरतं आहे. "लवकरच परत येऊ" असं पान २०० ने देऊ नका, नाहीतर सगळ्या पानांचा मजकूर आता हाच झाला असं ते समजेल. आणि रोबॉट्स डॉट टीएक्सटीला मात्र ५०३ द्यायचा नाही. ती फाईल ५०० च्या घरातला कोड द्यायला लागली की गुगल पूर्ण साईटचंच क्रॉलिंग थांबवतं. एनजिनएक्समध्ये तिच्यासाठी वेगळी लोकेशन ओळ लिहा, २०० देणारी, आणि मग बाहेरून कर्ल मारून बघा.